साहेब, वाईट बातमी तुमच्यापर्यंत पोचते का?

प्रति,
बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर आणि मिहान परिसरातल्या कारखान्यांचे मालक, संचालक, प्लँट हेड आणि एचआर प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

माणसं टिकत नाहीत, ही तुमची तक्रार हल्ली जिथे जावं तिथे ऐकू येते. आयटीआय झालेलं पोरगं येतं, काम शिकतं आणि हात बसला की चाकणला नाहीतर रांजणगावला निघून जातं. दोन हजार जास्त दिले की झालं, निष्ठा म्हणून काही उरलीच नाही, असं तुम्ही म्हणता. माझी नोकरी टाइम ऑफिस आणि पर्सोनेल खात्यात गेली. जाणाऱ्याचा फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, करणारं टेबल माझं होतं. ओळखपत्र जमा, सेफ्टी शूज जमा, स्टोअरची सही, आणि सगळ्यात शेवटी फॉर्मवरचा रकाना: नोकरी सोडण्याचे कारण. तिथे बहुतेक सगळे 'वैयक्तिक' लिहून मोकळे होतात. खरं कारण फाइल बंद झाल्यावर, पेन परत देताना निघतं. "पगाराचं नाही जी. त्या साहेबापुढं उभं राहाचं म्हटलं का पोटात गोळा येते." दुसऱ्याने सांगितलं होतं, मशीनचा आवाज बदलला म्हणून सुपरवायझरकडे गेलो, तर "तुले लय समजते का?" असं चारचौघात ऐकावं लागलं. दोन दिवसांनी बेअरिंग गेलं आणि मेमो त्यालाच मिळाला.

त्या टेबलावर बसून माझं एक मत बनलं, तेच या पत्रात मांडतो. कारखान्यातलं वातावरण निरोगी आहे की नाही, हे बघायला मुंबईहून कन्सल्टंट बोलवायची गरज नाही. वाईट बातमी खालून तुमच्या केबिनपर्यंत यायला किती वेळ लागतो आणि ती घेऊन येणाऱ्याचं पुढे काय होतं, एवढंच बघा. बाकीच्या गोष्टी, म्हणजे वाढदिवसाचे केक, भिंतीवर फ्रेम केलेली मूल्यं, वर्षातून एकदा होणारी क्रिकेट मॅच, या चांगल्याच आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांच्यावरून काही कळत नाही.

नागपूरकर मुळात गप्प बसणारा माणूस नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालातून मारबत निघते तेव्हा बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर, कोणाकोणाचे वाभाडे निघतात ते बघा. मंत्री, महागाई, खड्डे, कोणी सुटत नाही. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर आपली गाऱ्हाणी रस्त्यावर आणतं. तोच माणूस दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला पंच करतो आणि आठ तास तोंडाला कुलूप लावून बसतो. शिफ्ट सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना पुन्हा सगळं बोलतो. कोणत्या प्रेसचा गार्ड (हात वाचवणारं आवरण) काढून ठेवलाय, कोणत्या लाइनचं रिजेक्शन, म्हणजे नापास माल, रीवर्कमध्ये (दुरुस्तीत) दाखवलं जातं, कोणता ठेकेदार पीएफ कापतो आणि भरत नाही. टपरीवाल्याला तुमच्या प्लँटची जेवढी माहिती आहे तेवढी तुमच्या एमआयएसमध्ये, म्हणजे रोजच्या अहवालात, नसते. या टपरीपासून तुमच्या केबिनपर्यंतचं अंतर फार तर दोनशे मीटर.

मधे सूचनापेटी असते, ती मी मोजत नाही. आमच्याकडच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. एका ऑडिटच्या आदल्या दिवशी कुलूप तोडलं, तर आत खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या निघाल्या आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं की लेडीज टॉयलेटच्या दाराची कडी तुटली आहे. तारीख नव्हती. कडी मात्र तेव्हाही तुटलेलीच होती.

आता थोडं मागे जातो, कारण हा विषय नागपूरला नवा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तिथे संप झाला आणि भारतातल्या सुरुवातीच्या संपांमध्ये त्याची नोंद केली जाते. गैरहजेरीही भरमसाट होती. मनात आलं असतं तर दंड लावून, माणसं काढून विषय संपवता आला असता, त्या काळी विचारणारं कोण होतं? पण पुढच्या काळात त्या गिरणीत हजेरीसाठी बक्षिसं आली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. कामगार भरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ चा आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा, हे लक्षात घेतलं की या तारखांचं वजन कळतं. गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रंही बसवली होती. ती सुतासाठी होती, हे मीही जाणतो. नागपूरच्या कोरड्या हवेत धागा तुटतो. पण धाग्याखाली उभ्या माणसालाही त्याच हवेत श्वास घ्यायचा होता, त्यामुळे फायदा दोघांचा झाला. गिरणी पुढे बंद पडली, आज तिथे मॉल आहे. मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. संप झाला म्हणजे तक्रारी होत्याच. माझा मुद्दा इतकाच की माणसं येत नाहीत ही वाईट बातमी होती आणि वरच्यांनी ती 'इथले लोक आळशी' म्हणून कपाटात ठेवली नाही.

'विदर्भातली पोरं आळशी' हे वाक्य तुमच्या क्लबात अजूनही ऐकू येतं, म्हणून सांगितलं. चाकणला गेल्यावर तीच पोरं बारा-बारा तास कशी उभी राहतात, याचा विचार व्हावा.

हवेचा विषय निघालाच आहे तर मे महिन्याकडे येतो. नवतपा लागला की टिनाच्या शेडखाली दुपारी दोन वाजता काय होतं, हे केबिनमधल्या एसीत समजत नाही. बाहेर ४५ अंश, आत फर्नेस नाहीतर मोल्डिंग मशीन, आणि कोपऱ्यात एक डेझर्ट कूलर, तोही सुपरवायझरच्या टेबलाकडे तोंड करून. ऑपरेटरला चक्कर आली तर लिंबूपाणी देऊन बसवतात. नोंद कुठेच नाही, कारण नोंद केली की प्रश्न येतात.

माझ्या पाहण्यातल्या एका प्लँट हेडने एका उन्हाळ्यात आपलं टेबल प्रेस शॉपच्या बाजूला टाकलं. भाषण नाही, फोटो नाही. दुपारी दोन ते चार तो तिथेच बसायचा, सह्या तिथेच करायचा. छतावरच्या टर्बो व्हेंटिलेटरची फाइल होळीपासून परचेसमध्ये 'प्रोसेसमध्ये' होती. साहेबाचा शर्ट पाठीला चिकटल्यावर आठवडाभरात पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, निघाला. मी याला काही थोर त्याग म्हणणार नाही. स्वतःला घाम आल्यावरच फाइल हलते, हे खरं म्हणजे वाईटच आहे. पण त्या दोन तासांत दुसरी एक गोष्ट झाली. लोक येता-जाता बोलायला लागले. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी. एकाने सांगितलं की प्रेसचं दोन हातांनी दाबायचं बटण, जे हात आत राहू नयेत म्हणून असतं, एका बाजूने चिकटपट्टी लावून बसवलंय, टार्गेट पुरं व्हावं म्हणून. साहेबाने ऐकून घेतलं, "कोणी लावली?" असं विचारलं नाही. "टार्गेट किती आहे आणि पट्टीशिवाय किती निघतात?" असं विचारलं. त्या एका प्रश्नाची चर्चा मी दोन महिने कँटीनमध्ये ऐकत होतो.

वाईट बातमी आल्यावरचं पहिलं मिनिट, माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. 'कोणी केलं' हे आधी विचारलंत की पुढची बातमी तुमच्याकडे येणार नाही. ती दडवली जाईल आणि दडवण्यात तुमचेच हुशार लोक सगळ्यात पुढे असतील. शिस्त नको असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलेल्या गोष्टीची चौकशी व्हावी, शिक्षाही व्हावी. पण ते दुसऱ्या दिवशीचं काम आहे.

गेटवर मोठा फलक असतो, अपघाताशिवाय इतके दिवस. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस येतो, शपथ होते, पेढे वाटतात, निबंध स्पर्धेची बक्षिसं होतात. तो आकडा खाली येऊ नये म्हणून काय काय होतं ते एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक आहे. बोट चेपलं तर मागच्या दाराने गाडी निघते, ओळखीच्या डॉक्टरकडे टाके पडतात, माणसाला चार दिवस 'हलकं काम' म्हणून खुर्चीवर बसवतात आणि फलकावर आणखी चार दिवस चढतात. तुम्हाला त्या शून्याचा अभिमान वाटतो. मला त्याची भीती वाटते.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापक. त्यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमांचा अभ्यास केला तेव्हा उलटाच प्रकार पुढे आला. ज्या टीम चांगल्या मानल्या जात होत्या त्यांच्या नावावर औषधांच्या चुका जास्त लागल्या होत्या. चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर तिथले लोक त्या सांगत होते म्हणून. बाकीच्या वॉर्डांत चुका पोटात ठेवल्या जात होत्या. कारखान्याला हे जसंच्या तसं लागू पडतं. निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, रजिस्टरमध्ये महिन्याला पंधरा नोंदी असतील तर मी त्या प्लँटमध्ये माझ्या पुतण्याला पाठवीन. कोरं रजिस्टर असेल तर नाही पाठवणार.

अल्कोआ ही अमेरिकेतली ॲल्युमिनियमची मोठी कंपनी. पॉल ओ'नील १९८७ मध्ये तिथे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याआधी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. ऐकणाऱ्यांना वाटलं माणूस बिघडला. कोणाला इजा झाली की त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांच्या आत स्वतः कळवायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं, असा त्यांचा नियम होता. आता गंमत बघा, २४ तासांत वर कळवायचं तर प्रमुखाला मॅनेजरकडून, मॅनेजरला फोरमनकडून लगेच कळलं पाहिजे. म्हणजे खालपासून वरपर्यंत बोलणं सुरू झालं. पुढे मेक्सिकोतल्या एका प्लँटमध्ये वायूमुळे कामगार आजारी पडले आणि ते वर कळवलं गेलं नाही, तेव्हा नफा कमावून देणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला त्यांनी घरी पाठवलं. कंपनीचा नफा त्यांच्या काळात कित्येक पटींनी वाढला, हेही सांगून ठेवतो, कारण त्याशिवाय तुमच्यातले काही जण इथे वाचणं थांबवतील.

आपल्या भागात तर हा विषय जिवावरचा आहे. नागपूरच्या आसपास स्फोटकांचे कारखाने किती आहेत ते तुम्ही जाणता. बाजारगावचा डिसेंबर २०२३ चा स्फोट, धामण्याचा जून २०२४ चा, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा जानेवारी २०२५ चा. त्यांची कारणं चौकशी करणाऱ्यांनी सांगावीत, मी त्यात पडत नाही. पण स्फोटकांच्या सुरक्षेचं देशाचं मुख्यालय, पेसो, याच शहरात आहे, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय याच शहरात आहे. नियमांची पुस्तकं आणि जाणकार माणसं आपल्याला लांबून आणावी लागत नाहीत. 'साहेब, आज हे बरोबर वाटत नाही' असं म्हणून काम थांबवणाऱ्या हेल्परचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, हे मात्र पेसो तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. ते तुम्हीच द्यायचं असतं.

तक्रार समितीचंही तेच. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, बाहेरचा एक सदस्य हवा, चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. नोटीस बोर्डावरची तुमची यादी एकदा जवळ जाऊन वाचा. एक मॅडम नोकरी सोडून गेलेल्या असतील, फोन नंबर जुना असेल आणि बाहेरच्या सदस्याला कोणी कधी पाहिलेलं नसेल. ठेकेदाराकडच्या बायकांनाही हा कायदा लागू आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसेल. वार्षिक अहवालात मात्र 'एकही तक्रार नाही'. पुन्हा तेच शून्य.

ठेकेदारीवरच्या माणसांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे तुमची नियत सगळ्यात स्पष्ट दिसते. एकाच लाइनवर, एकाच मशीनच्या दोन बाजूंना दोन माणसं. कंपनीच्या कायम माणसाचं हेल्मेट निळं, ठेकेदाराच्या माणसाचं पिवळं. निळ्याला बस, पिवळ्याला स्वतःची सायकल किंवा सहा जणांचा ऑटो. कँटीनमध्ये निळ्याची वेळ आधी, पिवळा येईस्तोवर वरणाचं पाणी झालेलं. दिवाळीत निळ्याला किलोचा डबा, पिवळ्याला पावशेर सोनपापडी. पगारातला फरक एक वेळ बाजाराच्या नावावर खपवता येईल. डब्यातला फरक कोणी ठरवला? कुठल्या बाजाराने? आमच्याकडे एका दिवाळीला नव्या मालकीणबाईंनी सगळ्यांना सारखा डबा द्यायला सांगितला. अकाउंट्सने खर्चाचा तक्ता नेऊन दाखवला. त्यांनी तो बघितला, आणि डबे छोटे करा पण सारखे करा, म्हणाल्या. त्यावर निळ्यांनी कुरकुर केली, हेही खरं. पण नंतरच्या पावसाळ्यात पॅनल रूममध्ये पाणी शिरतंय हे रात्री दीड वाजता फोन करून सांगणारा पिवळ्या हेल्मेटवाला होता.

ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे, यावर मी वेळ घालवत नाही. एवढंच म्हणतो की ४८ तासांच्या आठवड्याची दुरुस्ती १९४६ मध्ये झाली आणि १९४२ ते १९४६ श्रम खातं सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांची दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुटी मागणाऱ्याला 'प्रॉडक्शन कोण करेल' असं ऐकवलं जाऊ नये. रजेचा अर्ज नाकारायचा तर नाकारा, पण पोळ्याचा, ईदचा आणि दसऱ्याचा नियम एकच ठेवा.

आता जरा नाजूक मुद्दा. तुमच्या प्रत्येक प्लँटमध्ये एक 'काम काढणारा' माणूस असतो. टार्गेट कधी चुकत नाही, डिस्पॅच वेळेवर, तुमचा लाडका. त्याच्या हाताखालून दरवर्षी पाच-सहा जण 'वैयक्तिक' कारणाने जातात. तुम्हाला हे माहीत आहे. कधीतरी त्याला बोलावून समजही देता, 'जरा गोडीने घे रे'. आणि एप्रिलमध्ये त्याला बढती देता. ज्या दिवशी त्याच्या प्रमोशनची नोटीस लागते त्या दिवशी अख्ख्या प्लँटला कंपनीचं धोरण कळतं. त्यानंतर तुम्ही आदर, सन्मान, कुटुंब यावर कितीही बोला, खाली ऐकणारे चेहरा सरळ ठेवून ऐकतात. त्या माणसामुळे गेलेल्यांच्या जागी नवे घेणं, शिकवणं, तोवरचं रिजेक्शन, हा सगळा खर्च त्याच्या खात्यावर टाकून बघा. तो तेवढा स्वस्त पडत नाही.

तुमचीही बाजू मला दिसते. मोठ्या कंपनीला माल देता आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. विजेचं बिल, बँकेचा हप्ता, कस्टमर ऑडिट. त्यांच्या क्वालिटीचा माणूस तुमच्यावर जसा खेकसतो तसेच तुम्ही सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये खेकसता, मग शिफ्ट इंचार्ज लाइनवर खेकसतो. बॅच फेल जाणार हे तुम्हीही कस्टमरला शेवटच्या दिवसापर्यंत सांगत नाही. म्हणजे भीतीची ही साखळी तुमच्या गेटबाहेरून आत येते, हे मान्य. पण ती तुमच्या टेबलावर थांबवायची की पुढे पाठवायची हे ठरवायला कस्टमरची परवानगी लागत नाही. इंचार्जला ते करता येत नाही, त्याच्या हातात काहीच नसतं. आणि मधल्या मध्ये सगळ्यात जास्त पिचतो तो हाच. रात्री अकराला ग्रुपवर लाल गोल केलेला फोटो आणि खाली 'हे काय आहे?' असा मेसेज टाकण्याआधी त्याच्या घरी तेव्हा काय चालू असेल, हे मनात आणा. फोन करा हवं तर. ग्रुपवर नको.

नऊच्या मीटिंगमधला पहिला प्रश्न बदलून बघा, असं मी सुचवतो. 'काल किती निघाले?' हे बोर्डावर लिहिलेलंच असतं. 'काल काय अडलं?' असं विचारा आणि पहिला बोलेल त्याला त्या खोलीत रागावू नका. पहिले काही दिवस सगळे 'काही नाही सर' म्हणतील. म्हणू द्या. मग कोणीतरी फुटकळ काहीतरी सांगेल, ग्लव्हज संपले वगैरे. ते त्याच दिवशी मिळाले पाहिजेत, कारण ती परीक्षा असते, ग्लव्हजची गरज असेलच असं नाही. मोठी गोष्ट त्यानंतर येते. जे करता येणार नाही ते 'नाही' म्हणून सांगा, कारणासकट. 'बघू' म्हणून सोडलेल्या गोष्टी लोक 'नाही' पेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतात.

आपल्याकडे असं काही नाही, अशी ज्यांची खात्री आहे त्यांनी एका रात्रपाळीला दोनच्या सुट्टीत कँटीनमध्ये जावं. एचआरला सोबत घेऊ नये, आधी कळवू नये. ड्रायव्हरलाही बाहेर थांबवावं, तो गेटवर फोन करतो. ताट स्वतः घ्यावं, पिवळ्या हेल्मेटांच्या बाकावर बसावं, आणि पहिली पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही तर उठून जाऊ नये.

आपला,
हिंगण्यात आणि बुटीबोरीत नोकरी केलेला एक निवृत्त पर्सोनेल अधिकारी
नागपूर